तुरीच्या दाण्याएवढा चेहरा

खोट काढण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. भाकरी एका बाजूने जाड असली, साडीचा काठ जरासा सरकलेला असला, नव्या रंगवलेल्या दारावर ब्रशचा केस चिकटून राहिला असला, की ते आधी मला दिसायचं. आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही. मला बघायला आलेल्या स्थळांचंही मी तेच केलं. एकाचे कान वरखाली होते, दुसरा हसताना एकच डोळा मिटायचा. धुळ्याकडची मावशी आईला म्हणायची, "इले नवरा साचामातून काढेल लागस, माय." आई पोट धरून हसायची. दादा होता तोवर आई हसायची.

दादा माझा मोठा भाऊ. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं काम करायचा. यावलकडे विहिरीवरच्या मोटारीचं काम करून मोटरसायकलवर परत येत होता, केळीच्या ट्रकने त्याला उडवलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्याचं लग्न व्हायचं होतं. जळगावच्या मेहरूण भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्यानंतर कोणी मोठ्याने बोलेनासं झालं. संध्याकाळी रस्त्यावरून मोटरसायकल गेली की आई हातातलं काम टाकून उभी राहायची. गाडी पुढे निघून गेली तरी ती तशीच उभी असायची. मग मी मुद्दाम भांडं वाजवायची, म्हणजे ती भानावर यायची.

बी.एस्सी. होऊन मी घरीच होते. घरात बसवेना, म्हणून औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लागले. तिथे ठिबक सिंचनाच्या नळ्यांना लागणारी बुचं आणि जोड काढत. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात दाबायचा, थंड झाला की माल बाहेर. मशीनच्या प्रत्येक दाबाला शॉट म्हणायचे. माझं काम माल तपासण्याचं. शेठने पहिल्याच दिवशी मूठभर बुचं माझ्यासमोर ओतली आणि मी त्यातली निम्मी बाजूला काढली. शेठ म्हणाला, "तुम्ही असंच तपासलं तर मला दुकान बंद करावं लागेल." पण ठेवलं त्याने मला.

एका पावसाळ्यात ठिबकच्या मालाला उठाव नव्हता. तेव्हा मुंबईची एक पार्टी स्वतःची डाय घेऊन आली. पटावर मांडून खेळायच्या युद्धाच्या खेळातलं सैन्य काढायचं होतं. भालेकरी, तोफ ओढणारे, निशाणवाला आणि घोडेस्वार. राखाडी रंगाचे, अंगठ्याएवढे. सोबत परदेशी बनावटीचा एकेक नमुना होता. माल असाच हवा, असं पार्टीने बजावलं होतं.

ते नमुने पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिले. बुचात बघण्यासारखं काय असतं? बसलं की झालं. इथे एवढ्याशा माणसाच्या अंगरख्याला चुण्या होत्या आणि त्या चुण्या वाऱ्याच्या एकाच दिशेने गेल्या होत्या. घोड्याच्या मानेवरची शीर दिसत होती. मी घड्याळजीचं भिंग विकत आणलं, टेबल खिडकीपाशी ओढलं आणि हळूहळू शिकले. रंग न लावता चेहरा जिवंत वाटतो तो सावलीमुळे. नाकाखाली, पापणीखाली, ओठाखाली सावली पडली पाहिजे. डायमध्ये खोली नसेल तर चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा निघतो. हात बघायचा तो असा, की मुठीने तलवार धरली आहे की तलवार नुसती मुठीला चिकटली आहे. मग जोडरेघ बघायची. डायचे दोन भाग जिथे मिळतात तिथली ती रेघ चेहऱ्यावरून गेली की माणूस चिरल्यासारखा दिसतो. कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा राहिला तर तो ब्लेडने काढता येतो, पण दाणा नीट वितळला नसेल आणि तलवारीचं टोकच आलं नसेल तर त्याला इलाज नाही. तो माल ग्राइंडरमध्ये. भरडून पुन्हा दाणा, पुन्हा शॉट.

हे काम मला आवडलं, हे सांगायला आज बरं वाटतं. दादा गेल्यानंतर मला आवडलेली ती पहिली गोष्ट. बोटांत धरून एकेक शिपाई उजेडात फिरवायचा आणि त्याच्यावरून सावली कशी सरकते ते बघत बसायचं. तेवढ्या वेळात घर आठवायचं नाही.

घोडेस्वारांच्या डायमध्ये चार घरं होती. एका शॉटमध्ये चार स्वार निघायचे, घोडा आणि स्वार एकसंध. चारही सारखेच असायला हवेत, पण तसे कधी नसतात. मी एकेक भिंगाखाली घेत होते. पहिला ठीक. दुसऱ्याच्या लगामावर पापुद्रा. मग तिसरा भिंगाखाली आला.

तुरीच्या दाण्याएवढा चेहरा. डाव्या भुवईत मधेच तुटलेली जागा. ओठ एका बाजूला किंचित ओढलेला, हसू दाबल्यासारखा. दादा लहानपणी मेहरूण तलावाच्या पायऱ्यांवर पडला होता, टाके पडले होते आणि भुवईत तेवढ्या जागी पुन्हा केस आले नव्हते. हसू दाबायची सवय तर त्याची जन्माचीच. मी भिंग काढलं, डोळे पुसले, पाणी प्यायले, पुन्हा बघितलं. तोच होता.

कारण उघड होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. डायमधली भुवईची खाच त्या घरात बुजली होती, ओठापाशी पॉलिश करताना हत्यार सरकलं होतं. माल खोटा होता. दुसरा कुठला असता तर मी क्षणात फेकला असता. मी मशीनपाशी गेले. पुढचा शॉट पडला, चार स्वार बाहेर आले आणि तिसरा पुन्हा दादा. त्यापुढच्या शॉटमध्येही. गरम, मऊ, नुकता जन्मलेला. मशीनवरचा माणूस विचारत होता, ताई, काही बिघडलं का? मी नाही म्हटलं. तिसऱ्या घराचा सगळा माल वेगळ्या पोत्यात टाका, ग्राइंडरला देऊ नका, एवढंच सांगितलं. शेठला विचारून त्यातला एक मी घरी नेला. तो म्हणाला, "न्या की, कचराच आहे."

मी तो का नेला हे समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरातला बिनलग्नाचा तरणा मुलगा गेला की त्याचा वीर बसवतात. सोनाराकडून चांदीच्या पत्र्याचा टाक करून आणायचा, देवघरात ठेवायचा आणि धुळवडीला हातात घेऊन वाजतगाजत होळीभोवती नाचवायचा. टाकावर घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला माणूस असतो. सोनाराकडे त्याचा एकच ठसा असतो, सगळ्या घरांच्या वीरांना तोच. दादाचा वीर बसवायचा राहिला होता. धुळ्याजवळच्या आमच्या मूळ गावचे भाऊबंद दर वर्षी विचारायचे. पोरगा भटकत राहील, तुमच्या घराला स्वस्थता लाभायची नाही, असं बोलून जायचे. वडील, म्हणजे आमचे नाना, एकदा टाक घेऊनही आले होते. आईने तो हातात घेतला आणि परत दिला.

"हाऊ कोन शे? नाक नही, डोया नही. हाऊ कोनाबी पोऱ्या ऱ्हावू शकस. मना नही."

नाना तो सोनाराला परत करून आले. ते दालमिलमध्ये मुकादम होते, तिथे हमालांना धाकात ठेवायचे, पण घरात आईचंच चालायचं. तेव्हापासून वीर अडला होता, आणि त्याबरोबर घरही अडलं होतं. आई सणाला गोड करायची नाही. दादाची खाट कोणाला बसू द्यायची नाही.

आणि आता माझ्या पर्समध्ये घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला एक जण होता आणि त्याला दादाचा चेहरा होता. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्या दिवशी रिक्षात बसले तेव्हा पर्स मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत होता. तिला त्या स्वाराचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. मी सांगितलं, इथे भुवई आहे, इथे तुटलेली आहे, ओठ असा आहे. तिने बोटाने चाचपून पाहिलं. माझ्या नजरेवर तिचा विश्वास होता, म्हणून तिला दिसलं. ती रडली नाही. तिने त्याला देवघरात बाळकृष्णाशेजारी उभं केलं आणि त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी शिरा केला. नाना मान खाली घालून खात राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात दादा परत आल्यासारखे गेले. आई त्याच्याशी बोलायची. आज भाव काय आहे, कोण आलं होतं, असलं साधंच. मी कामावरून आले की मला सांगायची, त्याला आज हे सांगितलं. मला बरं वाटायचं आणि अंगावर काटाही यायचा. कारखान्यात तिसऱ्या घराचं पोतं फुगत चाललं होतं. एका पोत्यात माझा भाऊ, शेकडो वेळा, घोड्यावर बसून. मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला लागले.

मग आईच म्हणाली, या धुळवडीला वीर बसवू. पण सोनाराने चांदीत याच्यासारखाच करून द्यावा. नानांना तर आकाश ठेंगणं झालं. आम्ही तिघं जळगावच्या सराफ बाजारात त्यांच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने स्वार उलटसुलट करून बघितला. असं काम त्याने कधी केलं नव्हतं, पण मातीत ठसा घेऊन ओतता येईल म्हणाला. मग त्याने आपल्या डोळ्याचं मोठं भिंग काढून आईच्या हातात दिलं आणि दुकानाच्या दारापाशी, भर उन्हात तिला स्टुलावर बसवलं.

"अक्का, चेहरा नीट बघून घ्या. एकदा ओतला की मग मला बोल लावू नका."

ते भिंग माझ्या भिंगापेक्षा कितीतरी मोठं होतं. आईने ते डोळ्याजवळ नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. उजेड तिच्या हातावर पडला होता. तिने खूप वेळ बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, ती आता हसेल म्हणून.

"हाऊ तो नही शे," ती म्हणाली.

"आई, असं काय करतेस? भुवई बघ."

"देखी मी. त्यानी भवई जेवनी बाजूले तुटेल व्हती. ह्यानी डावी शे."

उजवी? मला हसूच आलं आधी. मग राग आला. इतक्या दिवसांनी घरात शिरा झाला होता आणि आता हे. मी म्हटलं, डावीच होती. ती म्हणाली, उजवी. मी म्हटलं, तुला दिसत नाही नीट, मला दिसतं, माझं कामच ते आहे. दादा जेवायला माझ्यासमोर बसायचा. ती म्हणाली, मी त्याचं तोंड धुतलंय. सोनार मान वळवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मी नानांना विचारलं, "नाना, तुम्ही सांगा. कुठल्या बाजूला होती?"

नाना रस्त्याकडे बघत होते.

"मी कधी देखंच नही माय, खरं सांगस. पोऱ्याना तोंडकडे बाप कोठे देखस?"

इतकं कोवळं बोललेले नाना मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही. आम्ही तसेच परत आलो.

माझा पिंड भांडखोर. मी ठरवलं की सिद्ध करायचंच. घरात दादाचे फोटो दोनच. एक शाळेतला, पायऱ्यांवर पडण्याच्या आधीचा. दुसरा ओळखपत्राचा, त्यात कपाळावर केस आलेले, दोन्ही भुवया झाकलेल्या. मी त्याच्याबरोबर रिवाइंडिंगचं काम करणाऱ्या मित्राकडे गेले. रोज दिवसभर दोघं एका पाटावर बसून तारा गुंडाळायचे. त्याने हात पुसले, विचार केला, आणि म्हणाला, "खूण? त्याला कुठे खूण होती, ताई?"

त्याच्या दुकानाबाहेर आले तेव्हा ऊन होतं, रिक्षावाले ओरडत होते, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मी चालतच घरी निघाले. एक माणूस आमच्यात इतकी वर्षं वावरला. घरातले तिघं आणि हा मित्र, आम्ही चौघं त्याची माणसं, आणि त्याच्या तोंडावरची एक खूण आम्हाला धड सांगता येत नव्हती. त्याला जाऊन तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. आमच्यातलं कोणीतरी त्याला विसरलं होतं, आणि ते आपण असू अशी भीती मला पहिल्यांदा वाटली. आपलं कामच बघण्याचं आहे म्हणून मिरवणारी मी.

घरी आले तर आईने स्वार देवघरातून काढून माझ्या उशीवर ठेवला होता.

"हाऊ लई जाय," ती म्हणाली. "हाऊ घरमा ऱ्हायना ते मना पोऱ्याना तोंडवर बठी जाई. मंग मी त्याले कोठे धुंडू?"

हा घरात राहिला तर माझ्या मुलाच्या तोंडावर बसेल, मग त्याला कुठे शोधू? मला ते भाबडं वाटलं. मी चिडून तो पर्समध्ये टाकला.

त्या धुळवडीला आम्ही धुळ्याजवळच्या गावी गेलो. आईनेच नानांना सांगितलं, सोनाराच्या ठशातलाच टाक आणा, तो साधा. तो आणला. होळीसमोर डफ वाजत होता, सगळा गाव जमला होता, आमच्या आधी दुसऱ्या घरांचे वीर नाचून जात होते. नानांनी डोक्याला फेटा बांधला आणि टाक दोन्ही हातांत धरून ते अनवाणी नाचले. त्यांना नाचता येत नव्हतं. तरी नाचले. आईने टाकावरच्या कोऱ्या तोंडाला हळद लावली आणि डोळे मिटून घेतले. बघतच नव्हती ती त्याच्याकडे. ज्याला बघायचं होतं तो तिच्या आत होता आणि टाक त्याच्या आड येत नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त दिसलं की तिचा चेहरा शांत झाला आहे, आणि मला तिचा हेवा वाटला.

परत आल्यावर मी काय करायला हवं होतं ते आज मला कळतं. पण हट्ट माझा. रोज दुपारी डबा खाऊन झाला की मी पर्समधला स्वार काढायची, भिंग लावायची आणि डावीच, डावीच होती, असं मनाशी घोकत बघत राहायची. आठवणीतला दादा आणि हा, पुन्हा हा आणि दादा. असं किती महिने केलं कोण जाणे. मधे पार्टीची माणसं येऊन डाय दुरुस्त करून गेली. तिसरा स्वार इतर तिघांसारखा निघू लागला, चांगला माल, मीच पास केला. कोपऱ्यातलं पोतं ग्राइंडरमध्ये गेलं. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले, तरी आवाज येत होता.

एक दिवस डबा खाताना मी भिंग न लावता दादाला आठवायला गेले. तो आला. राखाडी होता.

आईचं पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग नाना गेले, मग आई म्हातारी झाली. शेवटच्या वर्षी ती दुपारी अंगणात खाटेवर पडून असायची. मी तिला विचारायची, दादा आठवतो का गं? ती डोळे मिटायची. "दिसस ना," म्हणायची. मग सांगायची, कसा शर्ट घातलाय, दाढी करायला आलीय, कसा चिडलाय. मी मुद्दाम कधी भुवईचं विचारलं नाही. उजवी म्हणाली असती तर मी मान्य केलं असतं, आता भांडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पण तिने सांगितलेला शर्ट, तिने सांगितलेली दाढी, काहीच माझ्या डोळ्यांपुढे उभं राहत नव्हतं. मी नुसतं हो हो म्हणायची. आई गेली त्या दिवशी मी तिच्यासाठी रडले, आणि दादासाठीही, कारण त्याला बघणारं शेवटचं माणूस ती होती.

तो स्वार मी केव्हाच मेहरूण तलावात टाकून दिला. त्याने काही झालं नाही. आजही डोळे मिटून भावाला हाक मारली की तो येतो, तसाच, तलवार उगारून. खाली उतर रे, मी म्हणते. जेवायला बस माझ्यासमोर. त्याला उतरता येत नाही.